हलू नका, बाबा

२२ फेब्रुवारी, रविवार, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, भाचीला पापा. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "बाबा कसे आहेत?" विचारतेस, मी "तसेच" म्हणते आणि आपलं बोलणं तिथेच संपतं. म्हणून लिहायला बसले.

बाबा तसेच आहेत. उजवा हात उचलता येत नाही. डाव्या हाताने चमचा धरतात, अर्धं तोंडात, अर्धं शर्टावर. बोलणं "अं"च्या पुढे गेलेलं नाही. कळतं मात्र सगळं. परवा रेडिओवर कुणी चुकीची तारीख सांगितली, तर हे डोळे मोठे करून माझ्याकडे बघायला लागले. हाडाचे मास्तर!

दातांच्या दवाखान्यात माझं बरं चाललंय. रिसेप्शनच्या खुर्चीला नवी गादी आली, हीच काय ती प्रगती. इंजेक्शनने सुन्न झालेली वाकडी तोंडं दिवसभर समोरून जात असतात. नऊ वर्षांत इतकी पाहिली, की आता दिसतसुद्धा नाहीत.

तू मागे विचारलं होतंस, त्या फोटोच्या क्लासचं खूळ उतरलं का. आता उतरलंय. पण क्लासबद्दलच लिहायचंय. दर रविवारी सकाळी आम्ही सहाजण जमायचो. सर पहिल्या दिवशीच म्हणाले, "कॅमेऱ्यातलं ऑटो विसरा. तो तुमच्यासाठी विचार करतो, मग तुम्ही कशाला आलात?" मग लेन्सचं छिद्र किती उघडायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं, हे हाताने लावायला शिकलो. शटर सावकाश ठेवलं की कमी उजेडातही चेहरा छान येतो, पण समोरचा माणूस हलला की सगळं पुसट. चौकटीत माणूस मधोमध नको, जरा बाजूला हवा. मला हे आवडलं होतं गं. चाळिशीला आल्यावर एखादी गोष्ट हाताला जमतेय, असं पहिल्यांदा वाटत होतं.

त्या दिवशीचा गृहपाठ होता, खिडकीच्या उजेडात एका माणसाचे तीस फोटो. दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची.

'त्या दिवशी' म्हणजे कुठल्या, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

*

इथवर लिहून उठले. बाबांची कूस बदलली, दूध पाजलं, भांडी घासली. घासलेलीही पुन्हा घासली. आता सांगते.

मी तुला सांगितलं होतं, की क्लासहून साडेतीनला आले आणि बाबा खुर्चीत तसे दिसले. ते खोटं आहे. मी सव्वाला घरी आले होते. आम्ही दोघं जेवलो. बाबा अगदी ठणठणीत होते. बाबांचं आवरायला येणाऱ्या मावशी सकाळी दहाला गेल्या, तेव्हाही ठणठणीतच होते.

अडीचला मी त्यांना खिडकीशी बसवलं आणि कॅमेरा स्टँडवर लावला. "भिंतीवर टांगायच्या तयारीने काढतेस की काय?" असं म्हणून तेच हसले. पहिल्या फोटोंत ते हसू आहे. मग मी शटर सावकाश केलं आणि म्हटलं, "हलू नका, बाबा."

पंधराव्या की सोळाव्या फोटोनंतर ते म्हणाले, "हात जड झालाय गं."

मी म्हटलं, "दोनच मिनिटं."

ताई, मी कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही. वहीत आकडा लिहिला, छिद्र बदललं, पुन्हा डोळा लावला. ते काहीतरी पुटपुटले, जीभ जड होती. मला वाटलं, कंटाळून वेड्यासारखं करतायत. ते करायचे ना, आपण लहान असताना फोटो काढायचा म्हटलं की? हात खुर्चीवरून घसरून खाली लोंबायला लागला. मनात आलं, चौकट आता जास्त चांगली दिसतेय. मी आणखी नऊ फोटो काढले. मग ते बाजूला कलले.

कॅमेरा प्रत्येक फोटोवर वेळ टाकतो. बारावा फोटो दोन एकेचाळीसचा, चेहरा सरळ. सतरावा दोन सेहेचाळीसचा, त्यात ओठांचा कोपरा उतरलाय. सव्विसावा दोन अठ्ठावन्नचा.

शेजाऱ्यांच्या गाडीतून पावणेचारला आम्ही हॉस्पिटलात होतो. डॉक्टरने विचारलं, "हे कधी सुरू झालं? तुम्ही तिथे होतात?"

मी म्हटलं, "नाही."

विचार करून नाही म्हटलं. "होते, आणि फोटो काढत होते" हे तोंडातून निघेना. त्याने विचारलं, शेवटचं ठीक कधी पाहिलं होतं. मी म्हटलं, सकाळी दहाला, मावशी गेल्या तेव्हा. त्याने घड्याळाकडे पाहिलं. म्हणाला, "मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. वेळ नक्की नसताना नाही देता येणार, उलट रक्तस्राव व्हायचा." कॅमेरा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता. वेळ मिनिटासकट माझ्या खांद्यावर होती. मी मान हलवली आणि तो सांगेल तिथे सही केली.

दोन दिवसांनी तू आलीस. बाबांच्या पलंगाशी मावशींना उभं करून विचारलंस, "जाताना त्यांच्या तोंडाकडे तरी पाहिलंत का? त्यांना तेव्हाच होत असणार." मावशी म्हणाल्या, "आंघोळ घातली तेव्हा गात होते हो." तू त्यांना खोटारड्या म्हणालीस. बाबा डावा हात गादीवर आपटत होते, "अं, अं" करत होते. तू म्हणालीस, "बघ, त्यांनासुद्धा त्या बाईचा राग आलाय."

त्यांना राग नव्हता आला, ताई. ते सांगत होते. खोलीत खरं माहीत असलेली दोनच माणसं होती. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसरी तुझ्या मागे उभी राहून गप्प बसली होती.

तू मावशींना काढलंस, समोरच्या दोन घरांतही सांगितलंस. त्यांनीही काढलं.

आणि अजून एक. तीन महिने राहिलेला तो गृहपाठ मी गेल्या रविवारी दिला. एकोणिसावा फोटो. का दिला, मला खरंच सांगता येत नाही. सरांनी तो फळ्यावर लावला, म्हणाले, "या चेहऱ्यात किती काय आहे बघा." सगळे बघत होते. आमच्यात एक निवृत्त नर्स आहेत, तीस वर्षं नोकरी केलेल्या. त्या जवळ गेल्या, चष्मा लावला, पुन्हा बघितलं. मग जिन्यात माझा दंड धरला. "हे तुझे वडील ना? फोटो कधीचा?" मी सांगितलं. "डॉक्टरांना वेळ सांगितलीस?" मी रडायला लागले. त्यांनी जवळ घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, "इंजेक्शनने ते बरे झालेच असते असं नाही. पण देता तरी आलं असतं. आता हे ज्यांना सांगायला हवं, त्यांना सांग."

तो आठवडा तसाच गेला. काल मावशींकडे गेले. त्या एका कपडे शिवायच्या कारखान्यात धागे कापायला जातात, दिवसभर उभ्याने. दारातच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. आत या म्हणाल्या नाहीत. मी म्हटलं, "परत आमच्याकडे या." त्या म्हणाल्या, "नको. मला रात्री उठून बसायला व्हायचं, की खरंच माझ्या नजरेतून सुटलं का. तीन महिने मी स्वतःला विचारत होते, आणि तुला माहीत होतं." मग दार लावता लावता म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला सांग. ती जिथे जिथे बोलली, तिथे तिथे तिने जाऊन सांगायचं."

म्हणून हे पत्र. सोबत चार फोटो आहेत, मागे वेळ लिहिली आहे. आधी बसून घे, मग बघ.

आज सकाळी बाबांना म्हटलं, "मी ताईला सगळं लिहितेय." मग माझ्या हातातला त्यांचा हात त्यांनी काढून घेतला आणि पोटावर ठेवला. रागावले की सुटले, कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

मला माफ कर असं लिहिणार नाही. त्या दोन घरी मात्र फोन कर. माझं नाव घेऊन सांग, मावशींची काही चूक नव्हती.

तुझी म्हणायचं की नाही, ते आता तू ठरव.

ठकू