मांडीवरचे देव

मु. चेन्नई,
बुधवार

तीर्थरूप गं. भा. सकवारवहिनींच्या चरणी धाकट्या दिराचा, विजयेंद्राचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, कंबर रविवारपासून वाकत नाही, कारण पुढे येईल.) आपले गुडघे कसे आहेत? तेल लावता, की बाटली नुसती खिडकीत उन्हाला ठेवता? इकडे तुमची धाकटी जाऊ वसंता बरी आहे. माझी साखर होती तिथेच आहे, म्हणजे जास्त आहे. फोनवर तुम्हांला अर्धंच ऐकू येतं आणि तेही नेमकं नको तेवढं, म्हणून हे सगळं लिहून कळवतो आहे. आधी मुख्य गोष्ट: देव सुखरूप पोचले. पाचही टाक आणि बाळकृष्ण वसंतानं दोनदा मोजून घेतले. आता कसे पोचले ते सावकाश वाचा, आणि वाचताना जवळ पाणी ठेवा.

दादा गेल्यापासून अकरा महिने तुम्ही दुखऱ्या गुडघ्यांनी देवांचं केलंत आणि आता होत नाही म्हणून ते माझ्या हवाली केलेत. तंजावरला दारात पितळी डबा हाती देताना तुम्ही बजावलंत, "विजेंद्रा, वाटेंत देवांस भुईवर ठेवूं नको. घरीं बसवीपर्यंत तोंडांत कांहीं घालूं नको." घराण्याची रीतच ती, मी मान डोलावली. बिभीषणानं रंगनाथ जरासे खाली टेकवले तर ते श्रीरंगमहून आजतागायत हलले नाहीत, हे आपल्या मुलखात पोरासोरांनाही ठाऊक आहे. शिवाय हिशेब सोपा होता. सकाळी आठची गाडी, दुपारी तीनला चेन्नईचं एग्मोर. सात तास तर मी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात साहेबांच्या मीटिंगमध्ये तोंड न उघडता काढतो.

विळुप्पुरम ओलांडेपर्यंत गाडी शहाण्यासारखी आली. मग एका तळ्याकाठी जी थांबली ती थांबलीच. पहिला तास लोकांनी गाडीला शिव्या दिल्या, दुसरा तास सरकारला, त्यानंतर विषय सुनांवर गेला. खिडकीशी एक निवृत्त रेल्वेवाले गृहस्थ होते, ते एकटेच खूश. सिग्नल बिघडला की तो लालच राहतो, म्हणजे सगळं अगदी नियमाप्रमाणे चाललं आहे, असं त्यांनी डब्याला समजावलं. मग गाडी हलणार कशी? तर कुणीतरी लेखी चिठ्ठी आणून ड्रायव्हरच्या हातात द्यायची, मगच. तोंडी चालत नाही. तीन वाजता (म्हणजे मी एग्मोरला उतरायला हवा होतो तेव्हा) चिठ्ठी आली, गाडी हलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दोन फर्लांगांवर ती पुन्हा उभी राहिली. आता पुढे रुळाला तडा गेला होता. (रुळासाठी एखादी चिठ्ठी नसते का, असं मी विचारलं. गृहस्थ त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत.)

हा सगळा वेळ डबा माझ्या मांडीवर. पंखे बंद. समोरच्या बाकावर कनका नावाची बाई होती. चेन्नईजवळच्या कोवलमला मासे विकते, चिदंबरमला लेकीचं बाळंतपण उरकून परत निघाली होती, आणि तिच्या पायाशी सुक्या मासळीची पिशवी होती. (वहिनी, पाणी प्या.) पिशवीचा वास वर येईल तसतसा मी डबा वर घेत गेलो आणि चारच्या सुमाराला देव माझ्या हनुवटीखाली होते. कमरेचं जे झालं ते तेव्हा झालं. त्यात साखर उतरून घाम फुटला. त्याच वेळी, काय सांगू, जिथे देव नेता येत नाहीत अशा जागी जाण्याची निकड आली. डबा खाली ठेवता येत नाही, बरोबर नेता येत नाही. म्हातारपणी इतकं रडू मला कधी आलं नव्हतं. कनकानं माझ्याकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि पुढे केले. "कुडुंग सार, नान वेच्चिक्करेन." द्या, मी धरते. सोवळ्याओवळ्याचा विचार करायला जेवढा वेळ लागतो, तेवढा माझ्याकडे नव्हता. मी दिले.

परत आलो तर तिनं माझ्यापुढे दोन केळी आणि शेंगदाण्याची चिक्की धरली. मी म्हटलं, देव बसवेपर्यंत खायचं नाही. तिनं शांतपणे सांगितलं, "देव आता माझ्या मांडीवर आहेत, तेव्हा उपासही माझा, तुम्ही खा." यातली खोट मला अजून सापडलेली नाही. मी खाल्लं. अर्ध्या तासानं डबा परत घेतला, आणि दिवे लागल्यावर आम्ही एग्मोरला उतरलो. देव यथासांग बसले. चूक पदरात घ्या, आणि प्रायश्चित्त सांगा. उपासाचं सोडून काहीही.

तुमचा,
विजयेंद्र

ता. क. वर अर्धा तास लिहिला आहे, तो खरा नाही. खाल्ल्यावर माझा डोळा लागला तो थेट चेन्नईच्या तोंडाशी, तांबरमला उघडला. अडीच तास तो डबा कनकाच्या मांडीवर होता. तिच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, तरी तिनं तो खाली टेकवला नाही, आणि पाण्याचा घोटही घेतला नाही. म्हणजे तुमची रीत तंतोतंत पाळली गेली आहे. फक्त मी पाळलेली नाही.

ता. क. दुसरा. तुमच्या शेजारच्या लावण्याचा फोन होता. तुम्ही रोज संध्याकाळी रिकाम्या देव्हाऱ्यापुढे समई लावून बसता म्हणे. वसंता ते ऐकून रडली. मीही.

ता. क. तिसरा, आणि खरं तर पत्र याच्यासाठी. डबा परत देताना कनकानं विचारलं, देव कुणाचे? मी म्हटलं, माझ्या वहिनींचे. ती म्हणाली, "सामी वंदाच्चु. अण्णी एंगे?" देव आले, वहिनी कुठे? मी गुडघ्यांचं काहीतरी पुटपुटलो. वसंता अकरा महिने विचारते आहे, वहिनींना विचारलंत का, आणि मी म्हणत आलो, त्या देव सोडून यायच्या नाहीत. मग देव उचलून आणले, तरी दारात तुम्हांला नुसतं 'चला' म्हणालो नाही. बोलावल्याशिवाय तुम्ही तरी 'येते' कशा म्हणाल? वसंतानं शिवणयंत्र हलवून खोली रिकामी केली आहे. रविवारची, त्याच गाडीची, दोन तिकिटं काढली आहेत. शनिवारी मी न्यायला येतो. समई घ्या, तेलाची बाटली घ्या. तोंडी चालत नाही, हे त्या गृहस्थांनी मला शिकवलं आहे, म्हणून लेखी देतो: वहिनी, आमच्याकडे राहायला या. ही चिठ्ठी हातात ठेवा आणि निघा.