साठ फुटी धावपट्टी

२ ऑक्टोबर २००५, रविवार
आजपर्यंत स्वतःच्या हातानं केलेलं: मुलीचा, लुंबिनीचा पाळणा. घरचा कूलर (आवाज करतो, पण गार करतो). फॅक्टरीत टूलरूमच्या तीन डाय, म्हणजे साचे, ज्यांवर नाव इंजिनियरचं लागलं. लाकडी प्रॉपेलर, पहिले तीन वाकडे निघाले, चौथा बरोबर. आणि विमान. एकाच सीटचं. अॅल्युमिनियमच्या नळ्या मी कापल्या, मी वाकवल्या, रिव्हेट मी मारले. पंखांचं कापड बायकोनं, सरलानं शिवलं, पण मापं माझी, म्हणजे ते माझंच. इंजिन विकतचं. पूर्ण खोलून पुन्हा जोडलंय, म्हणजे तेही अर्धं माझंच.
डिग्री नाही, आयटीआयसुद्धा नाही. सगळं पुस्तकं वाचून शिकलो. विमान उडवायलाही.
आता फक्त जागा हवी. हजार फूट सपाट जमीन, एवढ्या मोठ्या दिल्लीच्या आसपास. नवीन वर्षाच्या आत हवेत. ठरलं.

६ ऑक्टोबर
शहरातलं जुनं छोटं विमानतळ आमच्यासारख्यांना बंद. मोठ्यावर हे विमान न्यायचं म्हणजे हायवेवर तीनचाकी सायकल, असं लुंबिनी म्हणाली. मी हसलो नाही.
हरियाणातल्या एका क्लबाला फोन केला. हँगरला वेटिंग लिस्ट. सेक्रेटरीनं विचारलं, जोडायचं तयार किट कुठलं, अमेरिकन की जर्मन? म्हटलं, किट नाही, फरीदाबाद. त्यानं नाव न लिहिताच फोन ठेवला.
एका फार्महाऊसवाल्याकडे खाजगी पट्टी आहे असं कळलं म्हणून गेलो. पट्टीवर लग्नाचा मंडप. मला वाढपी समजून मागच्या गेटनं पाठवलं.

१६ ऑक्टोबर
जागा मिळाली! नहरपार, म्हणजे कालव्यापलीकडे, चौधरी रिसालसिंगच्या शेतात. एक लांबट तुकडा कल्लर आहे, म्हणजे पांढरी, खारवट माती. काही उगवत नाही. त्याचा ट्रॅक्टर आणि ट्यूबवेल मी बघायचा, तुकडा मी वापरायचा. सरलानं विचारलं, कागद केला का? सांगितलं, चौधरीनं जबान दिलीय. माणूस ओळखता येतो त्याला कागद लागत नाही.
विमान खात्यात परवानगीचा अर्जही टाकला. बाबू म्हणाला, पट्टीची तपासणी होईल, माणसं येतील. कधी, ते म्हणाला नाही.

२७ नोव्हेंबर
ह्यूम पाईपमध्ये, म्हणजे सिमेंटच्या जाड नळात, काँक्रीट भरून रोलर केला. रिसालसिंगचा ट्रॅक्टर ओढतो, मी मागून पाणी मारत चालतो. खाली विटांचा चुरा, वर मुरूम. मध्ये उंच, दोन्हीकडे उतार. बरोबर साठास एक. पाणी थांबूच शकत नाही. मी बादल्या ओतून बघितलंय.
सरला म्हणते, आपल्या गच्चीवर पावसाळाभर पाणी साचतं, तिथला उतार कोण काढणार? तिला प्रायॉरिटी कळत नाही.
हात सोलवटलेत. पण पट्टी अशी झालीय की आरशासारखी म्हणावी. देशात कुठल्या खाजगी माणसाकडे असेल वाटत नाही.

१४ डिसेंबर
तपासणीवाले आले! पांढरी जीप, तिकाटण्यावरची दुर्बीण, दोन जण. त्यातला साहेब हितेश नावाचा, तरुण पण नम्र. मला सर म्हणाला. फॅक्टरीत एवढ्या वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. मी सगळं दाखवलं: थर, उतार, रोलर. एका ठिकाणी खणूनही दाखवलं. तो खाली बसला, माती चोळून बघितली आणि म्हणाला, सर, हे कोणत्या कंपनीचं काम? म्हटलं, या दोन हातांचं.
रुंदी मात्र कमी म्हणाला. "सर, पैंतालीस की जगह साठ फुट होती, तो बस, काम बन जाता।"
माझ्या विमानाला पंचेचाळीस भरपूर. पण सरकारी नॉर्म असेल. माझ्या ड्रॉइंगची कॉपी मागितली, दिली. सरलानं संध्याकाळी विचारलं, कोणत्या ऑफिसचे होते? दुर्बीण घेऊन आलेल्या माणसाला ओळखपत्र मागायचं नसतं.

१ जानेवारी २००६, रविवार
हवेत नाही. धुक्यात समोरचा खांब दिसत नाही, उडणार कुठे? शिवाय रुंदी वाढवणं चालू. जयंत जोशींनी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर विचारलं, काय बबनराव, विमान अजून जमिनीवरच? म्हटलं, पाया पक्का करतोय. लोक हसले. हसू देत.

२२ जानेवारी
साठ फूट पूर्ण. दोन्ही कडांना गटारही काढलं, ते कोणी मागितलंही नव्हतं. आता नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. परेडमुळे सव्वीस जानेवारीपर्यंत आकाश तसंही बंद.

१९ फेब्रुवारी
विमान पट्टीवर पळवलं. शेपूट उचललं गेलं, चाकं हलकी झाली, हँडलवर हाताला कळत होतं. मी थ्रॉटल कमी केला. लुंबिनी धावत आली, बाबा, क्यों रोका? उड़ ही रहा था. समजावलं: परवानगी आली नाही. वाराही थोडा आडवा होता. फार नाही, पण होता.

५ मार्च, रविवार
रिसालसिंग घरी आला. बर्फीचा डबा, नवीन पगडी, खाली नवीन गाडी. जमीन विकली. बिल्डरला, सगळी. आसपासच्या शेतांपेक्षा त्याला जास्त भाव मिळाला. का, ते त्यानंच सांगितलं, अगदी प्रेमानं:
"फोरमैन साहब, यो रेट तो तेरी सड़क नै दिलवाया सै।"
हितेश बिल्डरचा माणूस. छापील नकाशा रिसालसिंगनं टेबलावर पसरला. मधोमध माझी पट्टी, मेन रोड म्हणून. माझा उतार, माझं गटार. खाली कुठल्यातरी इंजिनियरची सही. डायवर असायची तशीच.
बर्फी कोणी खाल्ली नाही. सरलानं मोलकरणीला दिली. पट्टीवर सोमवारी तेरा तारखेपासून काम. तोपर्यंत वापर, चौधरी म्हणाला. उपकार.

११ मार्च
ठरलं. उद्या उडणार. परवानगी गेली खड्ड्यात. यांनी माझा रस्ता घेतला तर एक सकाळ मी घेईन. सरलाला सांगितलं, लुंबिनीला कॅमेरा घ्यायला सांगितला. पकडलं तर पकडू देत, फोटो पेपरात येईल.

१२ मार्च, रविवार
वारा शून्य. आकाश स्वच्छ. पट्टी कोरडी. सरला डबा घेऊन, लुंबिनी कॅमेरा घेऊन, रिसालसिंग खाट टाकून. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. पट्टीच्या टोकाला गेलो, तोंड फिरवलं. समोर हजार फूट, माझे.
इग्निशन तपासताना इंजिनचे फेरे किंचित पडले. पुस्तकाप्रमाणे एवढं चालतं. पण किंचित. शिवाय परवानगी नाही. मी कायदा मानणारा माणूस आहे, बिल्डर नाही. तेलाचं प्रेशर पुन्हा बघितलं. इंजिन गरम व्हायला लागलं. मग बंद केलं आणि ढकलत परत आणलं. ढकलायला रिसालसिंग आला.
लुंबिनीनं कॅमेरा बॅगेत ठेवला. सरलानं डबा उघडला, पोळी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "अहो, आज तर कोणी अडवलं नव्हतं."
तिला एव्हिएशनमधलं कळत नाही.

२ एप्रिल, रविवार
पंख काढून विमान गच्चीवर. पलवलच्या पुढे जागा बघणार आहे. इकडे जागाच नाहीत, हाच सगळा प्रॉब्लेम. जागा असती तर कधीच उडालो असतो.
हितेश आला होता. अजून सर म्हणतो. नव्या कॉलनीच्या गेटवर विमान शोभेला हवंय, लोखंडी खांबावर, रंग त्यांचा. इंजिन तुम्हीच ठेवा म्हणाला, उगीच वजन. सरला चहा घेऊन दारात उभी राहिली, कप द्यायलाही विसरली. मी त्यानं दिलेलं कोटेशन दोनदा वाचलं. विमान हा शब्द त्यात नव्हता. परत दिलं, नाही म्हटलं.
लिहिलं होतं: शोभेचं मॉडेल, एक नग, इंजिनशिवाय, जमिनीपासून बावीस फूट उंच. पंचेचाळीस हजार.