चोवीस चित्रं पुन्हा काढताना

दौंड,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय अक्षू,

अनेक आशीर्वाद. सातवीचा अभ्यास आटोपून मग सवडीनं वाच. आईला नमस्कार लिहीत नाही, तिला आवडणार नाही. सिंधूआजीला मात्र सांग, माजी जावई अजून धडधाकट आहे म्हणावं. तू फोन उचलत नाहीस, आणि तुझं बरोबरच आहे. म्हणून हे पत्र सत्यजीतमामाच्या हाती देतोय. "वाच म्हणून मी तिला अजिबात दामटनार न्हाई," असं तो आधीच म्हणालाय.

इथलं काय सांगू? खोली तीच, स्टेशनामागची. डबा सोजराबाई आणतात. परवा दारात उभ्या राहून म्हणतात, "मास्तर, कुणी पाव्हणं आलंय का? बोलल्याचा आवाज येत व्हता." कुणी नव्हतं गं. मी कागदावरच्या पोराला दटावत होतो, की मान सरळ कर. "असं एकल्यानं ऱ्हाऊ नये बघा," म्हणाल्या आणि डबा ठेवून गेल्या. मी हसलो, पण दार लावल्यावर रडूच आलं. दिवसभरात माणसाशी झालेलं माझं बोलणं तेवढंच होतं.

काम मात्र जोरात आहे. एक जुनं पुस्तक पुन्हा निघतंय, त्याची चोवीस चित्रं नव्यानं काढतोय. तू माझ्या टेबलाला चिकटून बघत बसायचीस, आठवतं? आधी काडेपेटीएवढी कच्ची चित्रं, मग मोठी पेन्सिलची, मग काचेखाली दिवा लावून ती चांगल्या कागदावर उतरवायची, आणि शेवटी रंग. दोन पानांच्या मधल्या शिवणीत कुणाचं तोंड येऊ द्यायचं नाही, नाहीतर पुस्तक बांधल्यावर नाकच गायब. "मग तिथं काय काढायचं?" असं तू विचारलं होतंस. मी म्हणालो होतो, गवत.

बघ, इकडचं तिकडचं लिहीत बसलोय. पुस्तक कोणतं ते तुला कळलंच असेल. तेच, ओल्या गोधडीचं.

तू नऊ वर्षांची होतीस. आई तुला घेऊन शिरूरला गेली त्याला सहा महिने झाले होते. मी भेटायला आलो, आणि बसस्टँडवर उसाचा रस पिताना तू माझ्या कानात सांगितलंस, की अंथरूण ओलं होतं, आणि हे कुण्णाला सांगायचं नाही. मी म्हणालो, "होईल बंद." तेवढ्यात दौंडची एसटी लागली आणि मी पळालो.

पुढच्याच महिन्यात ती गोष्ट माझ्याकडे आली. लिहिणारं दुसरंच कुणी, गोष्टीत नुसतं 'पोर', मुलगा की मुलगी ते नाही; मला फक्त चित्रं काढायची होती. तीसेक चेहरे काढले, एकातही जीव नाही. मग एक दिवस पोर कागदावर उभी राहिली. डाव्या भुवईवर झोक्यावरून पडल्याची खूण, एक वेणी सुटलेली, अंगावर सिंधूआजीची पिवळी गोधडी, हिरव्या ठिगळासकट. हात आपोआप चालला, असं मी सगळ्यांना सांगत आलो. साफ खोटं. ही तू आहेस हे मला तिसऱ्याच चित्राला कळलं होतं. पुसलं नाही, कारण चित्र फार छान जमलं होतं. एवढंच कारण, अक्षू.

मग तुमच्या वर्गात ते पुस्तक वाचून दाखवलं गेलं आणि पोरांनी तुला ओळखलं. आठवडाभर तू शाळेत गेली नाहीस. आईचा फोन आला, तर मी म्हणालो, "चित्रातली पोरं सगळी सारखीच दिसतात." वर त्या चित्रांना बक्षीस मिळालं. समारंभात मला माईकवर विचारलं, ही गोड मुलगी कुठं सापडली? मी म्हणालो, कल्पनेत. तो व्हिडिओ तू पाहिलास, असं मामा म्हणाला. तेव्हापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस.

आता हे पुस्तक आणखी पुष्कळ शाळांत जायचंय. इंद्रजीतराव, म्हणजे प्रकाशक, यांनी जुनीच चित्रं मागितली. मी नाही म्हणालो. ते तापले, "अहो, बक्षीस मिळालेल्या चित्रांना कुणी हात लावतं का?" मी म्हणालो, जुनी छापायची तर माझी परवानगी नाही. दोन आठवडे त्यांचा फोन नाही. शेवटी म्हणाले, "महिन्यात देणार असाल तर द्या." आधी विकली गेलेली पुस्तकं काही परत आणता येत नाहीत. ते मला माहीत आहे.

पण आता चेहरा कुणाचा आणायचा? दौंड स्टेशनवर पोरांना काय तोटा! पण न विचारता कुणाचाच घ्यायचा नाही, असं ठरवलं होतं. पुन्हा तीस चेहरे, पुन्हा सगळे मुडदे. शेवटी दाढीचा आरसा टेबलावर ठेवला. मोठे कान, बसकं नाक, आत ओढलेले खांदे. पोरगं पहिल्या झटक्यात उभं राहिलं.

अक्षू, मी अकरा वर्षांचा होईपर्यंत अंथरूण भिजवायचो. रेल्वे क्वार्टरमध्ये सगळ्यांच्या गाद्या पुढच्या अंगणात वाळायच्या, माझी आई माझी मागच्या भिंतीवर टाकायची, कुणाला दिसू नये म्हणून. मी कधी सहलीला गेलो नाही, सुट्टीत मामाकडे राहिलो नाही. हे मी कुणालाच सांगितलं नाही, तुझ्या आईलासुद्धा नाही. तू कानात सांगितलंस तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं, "मला पण व्हायचं गं." एवढंच बोलायचं होतं. पण मला लाज वाटली. एवढ्या मोठ्या बापाला नऊ वर्षांच्या पोरीपुढं लाज वाटली, आणि त्याच बापानं तुझी गोष्ट चोवीस पानांवर रंगवून ठेवली. चुकलो मी, बाळा. फार चुकलो.

नव्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ओळ घालायला लावली आहे: 'यातला मुलगा म्हणजे चित्रकार स्वतः.' इंद्रजीतराव म्हणाले, लोक हसतील. म्हटलं, हसू देत की.

जुनी मूळ चित्रं सोबतच्या पुठ्ठ्याच्या नळीत आहेत. माझ्याकडे एकही ठेवलेलं नाही. फाड, चुलीत घाल, काय वाटेल ते कर. ती तुझी आहेत. फोन कर, असं मी म्हणणार नाही. म्हणावंसं फार वाटतंय, पण नाही.

अकरा वर्षांचा होईपर्यंत अंथरूण भिजवणारा,
तुझा
बाबा