मायच्या ताटातलं नवं

हैदराबाद, २१ ऑक्टोबर

खेमराजभाऊ,

नमस्कार घ्यायचा त घे. मी बोलाले लागलो की तू फोन कापतं, म्हणून माह्यासंग बांधकामाच्या साइटवर असणाऱ्या आपल्या गावच्या प्रेमलालच्या हाती चिठ्ठी देऊन राह्यलो. तो दिवाळीले किरनापूरले येऊन राह्यला. चिठ्ठी कापता येत नाही.

पुन्हा तेच सांगतो. मायचं ऑपरेशन तुह्यानं हुकलं.

नागपूरच्या डॉक्टरनं तुह्याच समोर सांगलं होतं. वजन आणि शुगर एवढी वाढली, की पोट लहान करायचं ऑपरेशन हाच रस्ता. पण त्याच्या आधी दोन आठवडे भात बंद; ताक, दाळीचं पाणी, सूप. लिव्हरवर चरबी चढली, ते आटलं नाही त दुर्बीण पोटापर्यंत पोचत नाही. मी पाचवी शिकलेला, मले समजलं. तू त बारावी.

त्या दोन आठवड्याइच्या मधातच नवं आलं. नव्या धानाचा पहिला घास घरातल्या मोठ्यानं घ्यायचा, मंग बाकीच्याइनं. हौ, माहीत आहे, मी बी त्याच घरचा. पण तू मायले ताट भरून वाढलं. चिन्नोर तांदळाचा भात, वरून गूळ-तूप. आणि आपल्या पोरीले, अपेक्षाले, समोर पाटावर बसवून ठेवलं. मायनं मले फोनवर सांगलं, "बाबू, अपेक्षा माह्या तोंडाकडे पाहत होती. मी खाल्लं नसतं त लेकरू उपाशी उठलं असतं."

एक दाणा जिभेवर ठेवला असता तरी नवं झालं असतं. माय तेच म्हणत होती. तू म्हणे, लोक म्हणतीन खेमराज मायले उपाशी ठेवते. एकदा तोंडाले लागलं, मंग रोजचंच झालं. नागपूरले गेले त शुगर पाहून डॉक्टरनं परत धाडलं.

लोकाइचं मले सांगू नको. "खाऊन खाऊन फुगली, आता पोट कापून घेते," हे चौकात हसून सांगणारा तूच. मागं गावी आला तवा प्रेमलालनं आयकलं.

शुगरनं बाबाच्या पायाचं बोट काळं पडलं तवाही तू असाच. थोडंसं खाल्ल्यानं काय होते, म्हणे. आधी बोट गेलं, मंग पाय, मंग बाबा. जखमेवर माशी बसू नये म्हणून मायच वारा घालत बसे. आता तिच्या पायातून चप्पल निसटली तरी तिले समजत नाही. तुले सांगलं का तिनं? नसन सांगलं.

तू इचारलं होतं, "तुले काहून एवढी घाई?" साइटवर शुगर तपासाचा कॅम्प लागला होता. नर्सनं बोटाले सुई टोचली, आकडा पाहून पुन्हा टोचली. घरी कोणाले शुगर आहे का म्हणे. म्या खोटंच म्हटलं, कोणालेच नाही. चोवीस वर्षाचा आहो मी, भाऊ. मायले हे सांगशीन त तुह्यं-माह्यं संपलं. तू बी बोट टोचून घे. तुह्यं पोट माह्यापेक्षा मोठं आहे.

ऑपरेशनची तारीख पुन्हा घेतली, नोव्हेंबरात. तोवर मायचं ताट वहिनी वाढन, तू हात लावू नको. ऑपरेशन झाल्यावर ती दोन चमचेच खाईन. तिचे दोन चमचे झाले की घर जेवन. पुढच्या नव्याले बी तसंच. मी येईन पाहाले.

तुहा भाऊ, तुले आवडो नाही तर नाही,
राकेश

पाकीट प्रेमलालजवळ आहे. मायच्याच हाती देजो म्हटलं त्याले. अठरा हजार रुपये आहेत त्यात.