हॉलमधली कॉट

रविवार, ८ फेब्रुवारी
आप्पांचा फोन. दोंडाईचावाल्यांचा नकार. मुलगा चांगला, फ्लॅट चांगला, पण किचन जुन्या पद्धतीचं. मुलीच्या मावशीने ओट्याखाली वाकून कडप्प्याचे कप्पे पाहिले होते, तेव्हाच ठरलं असणार. आप्पा म्हणाले, ट्रॉल्या बसवून टाक हेमंत, आजकाल विचारतात. आप्पा आपल्यातली लग्नं जमवतात, तेव्हा त्यांचं ऐकायचं.

याआधीच्यांनी कमोड नाही म्हटलं, तो बसवला. त्याच्याआधीच्यांना खेड्यातलं घरच नको होतं, म्हणून म्हसावद सोडून शहाद्यात हा फ्लॅट. माझं वय छत्तीस. बायोडाटात चौतीस.

सोमवार, १६ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरच्या उज्ज्वलावहिनींचं घर बिल्डिंगमध्ये सगळ्यात छान. त्यांना विचारलं. त्या वर आल्या, ओटा पाहिला, म्हणाल्या गडद रंग घ्या, तेलाचे हात दिसत नाहीत. फर्निचरवाले शेठ म्हणतात पांढरा, चकचकीत, मुलींना तोच आवडतो. विसरवाडीहून ताईचा फोन, लालच घे. तिच्या नणंदेकडे लाल आहे.

जिचा हात त्या ट्रॉलीला लागायचा ती बाई कुठे आहे कुणाला ठाऊक. तिच्या वतीने सगळे भांडतायत. मीसुद्धा.

शेवटी पांढरा.

माय अजून इकडे राहायला येत नाही. दादाकडेच आहे, गावात. फोनवर तेच, "नवरीना पाय पहिले लागू दे. मंग मी येस." मीही बेडरूममध्ये झोपत नाही. पलंगावरचं प्लॅस्टिक काढलेलं नाही. छोट्या खोलीत गादी टाकतो. त्या खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडते, वारा म्हणून नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी
ड्युटी संपवून प्रवीण घर पाहायला आला. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आम्ही दोघं क्लार्क. त्याचंही जमत नाही, माझ्याहून मोठा आहे. त्यानेही फ्लॅट बुक केलाय. पीओपी करू का, कपाटाला आरसा लावू का वेगळं ड्रेसिंग टेबल घेऊ. मी जाणकारासारखा सांगत होतो. पीओपी कर, पण साधं. आरसा कपाटालाच, पूर्ण उंचीचा. बाथरूमला फिक्या टाइल्स नको. तो मोबाईलमध्ये लिहून घेत होता.

मग आरशासमोर उभा राहून केसांवरून हात फिरवला त्याने. "मुली खरंच हे पाहून हो म्हणतात?"
म्हटलं, म्हणतात.
चहा केला. नव्या ओट्यावर पहिल्यांदा.

मंगळवार, १० मार्च
काट्यावर असताना दादाचा फोन. माय सकाळी चुलीपाशी पडली. उजवी बाजू गेली. लकवा. शहाद्याच्या दवाखान्यात आणली. मी पोचलो तेव्हा डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होती की दिव्याकडे, कळलं नाही.

शनिवार, २१ मार्च
उद्या सोडणार. बोलणं परत आलंय, जड आहे. हात-पाय नाही. डॉक्टर म्हणाले, रोज व्यायाम करून घ्यायला माणूस आला पाहिजे, आताच केलं तर काही परत येईल, नाहीतर नाही. म्हसावदला असा माणूस नाही.

वहिनी दवाखान्याबाहेर स्पष्ट बोलली. केळी, गुरं, तिची कंबर, माझ्याच्यानं होणार नाही भाऊजी. वाईट नाही ती. खरं बोलली. दादा चपलेकडे बघत उभा.

तेव्हा फ्लॅट.

रविवार, २२ मार्च
कॉट भाड्याने आणली, लोखंडी, डोकं वर करता येतं अशी. छोट्या खोलीत वारा नाही. बेडरूममध्ये सुताराने पलंग भिंतीत पक्का केलाय. राहिला हॉल. सोफा टीव्हीच्या कपाटाला टेकवला, मधलं टेबल गॅलरीत.

पुन्हा उ.वहिनींना विचारलं. त्यांनी उभं राहून लावून दिलं. उशाकडची बाजू खिडकीला, म्हणजे उजेड डोळ्यांवर येत नाही. कूलर पायांकडे. डाव्या हाताला दोरी, धरून वर सरकता येईल. संडासाची खुर्ची पडद्यामागे. मी एवढे महिने सल्ले विचारले. ज्याच्यासाठी विचारायचं ते माणूस घरात असल्याची ही पहिली वेळ.

चौघांनी खुर्चीत बसवून मायला तीन जिने चढवलं. दारात आल्यावर ती रडायला लागली. "नवरीना पहिले मन्हाच पाय लागनात." म्हटलं, पाय कुठे लागले, खुर्चीवरून आलीस. अर्ध्या तोंडाने हसली.

रविवार, ५ एप्रिल
हंगाम संपला, काम कमी. सकाळी मी, दुपारी एक बाई येते. व्यायामवाला सांगतो तसं संध्याकाळी परत मी करतो. बोटं एकेक उघडायची. अंगठा आज स्वतःहून हलला. दोनदा. व्यायामवाल्याला दाखवायचं तर हलेना.

ऊन भयंकर. गच्ची डोक्यावर. कूलरमुळे हॉल बरा.

घरात बोलायला माणूस आहे हे लिहून ठेवतो. वाईट वाटतं लिहायला, पण बरं वाटतं.

रविवार, १९ एप्रिल
अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. ताई माहेराला आली, म्हणजे इथे आली. दादाने गावाहून आंबे पाठवलेले. रस घरी केला, मांडे बाजारातून. मायला चमच्याने रस भरवला ताईने, मग किचनमध्ये जाऊन ट्रॉल्या उघडून बंद करत बसली. लाल घेतल्या असत्या तर असं म्हणाली नाही, एवढंच.

आप्पा मुद्दाम येऊन गेले. तळोद्याची मुलगी. माधुरी. एकतीस. फारकत झालेली, मूल नाही, तिथल्या खाजगी शाळेत शिकवते. घरचे लवकर उरकायचं म्हणतात. पुढल्या महिन्यात अधिक मास लागतो, त्याआधी साखरपुडा. बघायला येत्या रविवारी.

जाताना आप्पांनी मला जिन्यात घेतलं. "मी त्यास्ले सांगेल शे, माय गावले ऱ्हास, मोठा पोऱ्याकडे. आते तू देखी ले." म्हणजे सांगून झालं होतं.

शनिवार, २५ एप्रिल
ताईला फोन केला. ती म्हणाली, तासाभराचा प्रश्न आहे, छोट्या खोलीत ठेव, दार लाव. मग रडली. मग म्हणाली, ठेवच.

उ.वहिनींना विचारलं, हॉल पहिल्यासारखा कसा करू. त्या माझ्याकडे न बघता सांगत होत्या. सोफा कुठे, कुंडी कुठे. दवाखान्याचा वास जायला आदल्या दिवशीपासून खिडक्या उघड्या ठेवा. कॉट सुटी करून आत न्यावी लागेल. मायचं नाव दोघांनीही घेतलं नाही.

मायला सांगायला तोंड उघडलं तर तिला सगळं माहीत. हॉलमध्ये पडून सगळं ऐकू येतं. "दार लाई ले, भाऊ. मी गप पडी ऱ्हासू."

रविवार, २६ एप्रिल
चौघं आले. मुलगी, वडील, काका, काकू. आप्पा. तासाभरासाठी म्हणून आले, दोन तास बसले. बाहेर ऊन होतं म्हणून उतरेपर्यंत थांबले.

काकांनी भिंत बोटाने वाजवून पाहिली. काकूंनी ट्रॉल्या सगळ्या ओढून पाहिल्या, पांढऱ्या आवडल्या. वडील साधे आहेत. आई कुठे विचारलं. आप्पा म्हणाले गावाला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली.

माधुरी फार बोलली नाही. सावळी, उंच. शाळेबद्दल मी विचारलं तेवढं सांगितलं. मला विचारलं, कारखाना बंद असतो तेव्हा दिवसभर काय करता. म्हटलं, घरीच असतो. एकदा त्या बंद दाराकडे पाहिलं तिने, असं मला वाटलं.

ते जिना उतरल्यावर दार उघडलं. खोली भट्टी. पंखा नुसता गरम हवा फिरवत होता. पाण्याची बाटली खाली पडलेली, डाव्या हाताला लागणार नाही अशी. चादर ओली. ओठ पांढरे. हाक मारली नव्हती तिने.

पहिलं वाक्य, "आवाज ऐकू नही ना उना?"

आधी पाणी दिलं. मग सगळं बदललं. मग कॉट परत हॉलमध्ये लावली. स्क्रू बसेना.

बुधवार, २९ एप्रिल
होकार. आप्पांचा आवाज पहिल्यांदा असा ऐकला. घर फार आवडलं म्हणे. साखरपुडा पंधरा तारखेला, लग्न अधिक संपल्यावर.

मायला सांगितलं. तिने डाव्या हाताने माझा गाल ओढला. मग लगेच गावाला जायचं काढलं, माले कव्हय धाडस गावले.

दादा म्हणतो आणून सोड, बघू काहीतरी. वहिनीला विचारलं का, म्हटलं. फोन ठेवला त्याने.

शुक्रवार, १ मे
आप्पांना म्हटलं, मी मुलीकडे खरं सांगतो. ते म्हणाले, लग्नानंतर सांग. सहा महिन्यांनी माय आजारी पडली असं होऊ शकतं ना? आजारपण कुणाला सांगून येतं?

बायोडाटावरच्या नंबरला फोन लावला. वडिलांनी उचलला. बोला जावईबापू म्हणाले. तिथेच माझं पाणी झालं. म्हटलं, पडद्यांचा रंग विचारायचा होता. ते हसले, फोन मुलीला दिला.

ती म्हणाली, पडदे तुमच्या मनाने लावा. मी बरं म्हटलं. मग तिने विचारलं, "ती बंद खोली होती, तिच्यात काय आहे?"

म्हणालो, "सामान."

ती म्हणाली, "बरं."

माय चार हातांच्या अंतरावर पडलेली. टीव्ही चालू होता. ऐकलं असेल किंवा नसेल. माझी तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

सोमवार, ४ मे
मला जेवण जात नाही. व्यायामवाला म्हणाला, प्रगती चांगली आहे, आता सोडू नका. कोपरापर्यंत हात उचलला तिने. मी टाळी वाजवली नाही, नेहमी वाजवतो. तिला कळलं.

कारखान्यात हजेरीला गेलो तेव्हा प्रवीणने अभिनंदन केलं. विचारलं, कशामुळे जमलं रे, नक्की काय आवडलं त्यांना? म्हटलं, सगळंच. तो पांढऱ्या ट्रॉल्यांची चौकशी करत राहिला. शेठचा पत्ता दिला.

शुक्रवार, ८ मे
माधुरीचा फोन, तिच्या स्वतःच्या नंबरवरून. उद्या धाकट्या भावाबरोबर एसटीने येते म्हणाली. माझं सामान कुठे मावेल ते बघायचंय, ती खोली उघडून ठेवा. घरच्यांना विचारलंय, ते हो म्हणालेत.

आप्पांना कळवलं. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता मायला गावाला पाठव. उशीर झाला म्हटलं. ते म्हणाले, मग उज्ज्वलावहिनींकडे ठेव एक दिवस. त्या ठेवतील, मला माहीत आहे. विचारलं नाही मी.

कॉट हलवणार नाही. मायला सांगितलं. तिने तोंड भिंतीकडे केलं.

शनिवार, ९ मे
दुपारी आले. स्टँडवरून घेऊन आलो. जिन्यात सांगेन म्हटलं होतं, तिचा भाऊ बडबडत होता, राहिलं. दार उघडलं आणि समोर कॉट.

सकाळी मायचे केस विंचरले होते. पदर डोक्यावर. माधुरी थांबली. मग चप्पल काढून सरळ कॉटपाशी गेली, वाकून नमस्कार केला, सोफ्यावर न बसता कॉटच्या कडेला बसली. काय झालं, कधी झालं, जेवता काय. मी तोंड उघडायच्या आत माय बोलली. हळूहळू, एकेक शब्द ओढत.

"दोन दिननी पाहुणी शे मी. सोमवारे जास गावले. मोठा पोऱ्या गाडी धाडी ऱ्हायना."

माधुरीने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. का गप्प राहिलो ते इथे लिहिता येत नाही. एक वाक्य होतं. ती इथेच असते. एवढंच बोलायचं होतं.

छोटी खोली बघितली तिने. रिकामी. खिडकी उघडून डक्टात पाहिलं, परत लावली. मायच्या औषधांचा डबा किचनमध्ये पाहिला, दोन दिवसांच्या पाहुणीचा नव्हता तो. चहा घेतला.

जाताना भाऊ पुढे उतरला. ती जिन्यात थांबली. म्हणाली, "मला एकदा खोटं सांगून नेलं होतं. सगळं घर छान होतं तिथेही." मग, "सोमवारी खरंच जाणार आहेत का त्या?"

मी म्हटलं, तिची इच्छा आहे.

"मी तुमचं विचारते." पुढे म्हणाली, "त्या इथे राहिल्या तर मी हो म्हणेनच असं नाही. तेही मला माहीत नाही. पण खरं काय ते तुम्ही सांगा. उद्यापर्यंत."

स्टँडपर्यंत सोडलं. बसमध्ये खिडकीशी बसली. हात केला तिच्या भावाने.

रविवार, १० मे
मायने बाईकडून पिशवी भरून घेतली. लुगडी, औषधं, माळ. मी रागावलो तर म्हणाली, "मी आठे मरसू का तठे मरसू. तू एकला ऱ्हाऊ नको." मी म्हटलं, तिथे व्यायाम कोण करून घेईल. डाव्या हाताने पिशवीचा बंद धरून पडली आहे.

उ.वहिनी डोकावून गेल्या. आज काही सुचवलं नाही त्यांनी. दारात उभ्या राहिल्या थोडा वेळ.

माधुरीला दोनदा फोन काढला, लावला नाही. ती म्हणाली होती उद्यापर्यंत, म्हणजे आजच. खरं सांगितलं तर ती जाईल, आणि माय म्हणेल तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे गेली. मरेपर्यंत म्हणेल. नाही सांगितलं तर उद्या ही पिशवी

दादाचा फोन आला. सकाळी गाडी किती वाजता पाठवू.

सांगतो म्हटलं.

माय कॉटवरून विचारतेय, काय सांगं त्याले.