धुळोबावाडीची ना हरकत

२९ मार्च २००४

दोन गावांचा ग्रामसेवक एकच— मी. वर टाकळमळा, कारेगावच्या अंगाला. खाली धुळोबावाडी. मध्ये शिवेचा ओढा. माझ्या एकाच पिशवीत दोन गावांचे शिक्के. सकाळी टाकळमळ्याच्या वतीनं पत्र लिहायचं, दुपारी धुळोबावाडीत बसून तेच आवक करून घ्यायचं! एरवी हसू येतं. आज नाही आलं.

टाकळमळ्यात कारखान्याच्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांत पावसाळ्यात गुडघाभर पाणी होतं. म्हणून शिवेपर्यंत मोठे सिमेंटचे पाइप मंजूर. पण पाणी सुटणार धुळोबावाडीत, तेव्हा त्यांची ना हरकत हवी. आणि मार्चअखेर परवा! पंचायत समितीतून साहेबांचा फोन— "कागद पुरे करा, नाहीतर निधी परत जाईल." धुळोबावाडीच्या सरपंच अनसाबाई लेकीकडं वरवंडला गेलेल्या. पण त्यांनी सही केलेली कोरी लेटरहेडं माझ्या कपाटात असतातच. सगळीकडे असतात. "मला वाचाया येळ लागतो, भाऊसाहेब. तुमी हाय न्हवं," म्हणून त्यांनीच दिलेली.

मजकूर लिहिला. शिक्का मारला. आल्या की सांगू.

१२ एप्रिल

सांगितलं नाही. त्या आल्या, दाखल्यांवर सह्या केल्या. सही झाली की कागद लांब धरून बघतात. गेल्या वर्षी मीच शिकवली— अंगठ्यावरून सहीवर आणलं. शाळा दुसरीपर्यंत, अक्षरं ओळखतात, पण जोडून वाचायला दम लागतो. चहा घेतला, गेल्या.

२० मे

पाइप शिवेपर्यंत आले. माणूस वाकून आत चालेल एवढे, दोन रांगा! पुढं ओढ्यावर धुळोबावाडीच्या रस्त्याखाली एकच जुनी मोरी, तिच्यात घागर अडकेल. मोरीच्या अलीकडं सखल जागेत सतरा घरं. पहिलं घर सोजरबाईचं. म्हातारी विचारत होती, "भाऊसाहेब, ह्ये एवढं तोंड आमच्याकडं का केलंय?"

म्हटलं, पुढं नदीपर्यंत गटार होणार आहे. मला कुणी सांगितलं? कुणीच नाही.

८ जुलै

पाऊस बेताचा. पाइपात कुत्री झोपतात. असंच राहू दे.

२१ सप्टेंबर

सकाळी अकरा ते दोन. असा पाऊस या भागात मी बघितला नव्हता. पाइपांतून आलेलं पाणी मोरीपाशी तुंबलं आणि मागं फिरलं. सतरा घरांत छातीएवढं. माणसं कशीबशी रस्त्यावर चढली. सोजरबाईच्या शेळ्या मात्र दावणीलाच गेल्या, दावी सोडायला सवड मिळाली नाही.

वाडीतली माणसं मुरमाची पोती घेऊन पाइपाची तोंडं बुजवायला निघाली. पुढं अनसाबाई, डोक्यावर पोतं. वरून टाकळमळ्याचे सरपंच हरिबा आप्पा आले, पंचवीस-तीस जण घेऊन. "तोंड बुजवाल तर माझ्या खोल्यांत दोनशे माणूस हाय! पाणी कुठं जायाचं?"

"आन् ही काय माणसं न्हाईत व्हय?" अनसाबाई.

दोघंही माझ्याकडं बघत होती. मी दोन्ही गावांचा! कुणाला बुडवू? पिशवी पोटाशी धरून नुसता भिजत उभा राहिलो. तेवढ्यात आप्पा ओरडले, "तुमचीच ना हरकत हाय की! कागद हाय माझ्यापाशी!"

अनसाबाईंनी पोतं खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं.

पाऊस ओसरला म्हणून मारामारी टळली. माझ्यामुळे नव्हे.

२२ सप्टेंबर

सोजरबाई ओट्यावर बसून रिकामी दावी गुंडाळत होती.

४ ऑक्टोबर

शिरूरला तहसीलमध्ये सुनावणी. धुळोबावाडीची मागणी एकच— टाकळमळ्यानं पाणी थेट नदीपर्यंत न्यावं, तोवर पाइप बंद. तहसीलदार साहेबांनी अनसाबाईंपुढं ना हरकत धरली. "सही तुमची?"

मी मनात म्हणत होतो, नाही म्हणा, बाई. नाही म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली असती, वस्ती वाचली असती.

"माझीच हाय."

"वाचून केलीत?"

मागच्या बाकावर आप्पांची माणसं गालात हसत होती. अंगठेबहाद्दर सरपंच म्हणून या बाईची किती टिंगल झाली ते मला माहीत आहे. त्यांनी पदर सावरला. "व्हय. वाचून केली."

संपलं! वस्तीनं आपण होऊन पाणी अंगावर घेतलं, असा त्याचा अर्थ. निकाल पुढच्या सोमवारी.

मी तिथंच होतो, चार हातांवर. तोंड उघडलं नाही. भ्यालो. लिहितानाही लाज वाटते आहे.

६ ऑक्टोबर

अनसाबाई कार्यालयात आल्या. ओरडतील असं वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कपाटाकडं बोट केलं— "माझी कोरी कागदं द्या." होती तेवढी दिली. तिथंच फाडली, तुकडे पदरात बांधले. दारात थांबून म्हणाल्या, "उद्यापास्नं मला वाचाया शिकवा, भाऊसाहेब. येळ लागला तर लागू द्या."

७ ऑक्टोबर

पुस्तक काढलं नाही. तहसीलला द्यायचा माझा जबाब त्यांच्यापुढं ठेवला. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत वाचत गेल्या. "सर-पं-चां-ना न वि-चा-र-ता..." इथं बोट थांबलं. माझ्याकडं बघितलं नाही. मग पुढं सरकलं. खाली माझी सही होती, तीही वाचली.