हॅसब्रुक घेतला गेला

मिलर्सफोर्ड, ओहायो
एप्रिलचा शेवटचा रविवार

चि. वेंडेल यास,

थोरल्या भावाचे अनेक उत्तम आशीर्वाद. (तू सत्तरी ओलांडलीस म्हणून 'चिरंजीव' लिहू नये, असे व्याकरणात कोठेही सांगितलेले नाही.) तुझ्या नव्या खुब्याची प्रकृती कशी आहे? जुन्या पायाशी त्याचे जमले का? टूसॉनला लेकीच्या घरी तुला ऊन मानवते, लोरेन तुला मिठाचा कणही देत नाही आणि रक्तदाब चढू नये म्हणून तिने तुझा फोन कपाटात ठेवून केवळ माझ्याशी बोलण्यापुरता बाहेर काढण्याचा नियम केला आहे, हे सारे कळले. पोरगी शहाणी आहे. माझे म्हणशील तर भूक मंदावली आहे, आणि गेला महिनाभर मान खाली घालून चालत असल्यामुळे मानेला रग लागली आहे. मान खाली का, हे सांगण्यासाठीच हे पत्र. फोनवर सांगता आले असते. परंतु फोनवर मी जे सांगितले त्यातूनच हा सारा प्रकार उद्भवला असल्यामुळे त्या यंत्रावर माझा विश्वास राहिलेला नाही. (यंत्राचा दोष नाही. पुढे वाच, आणि कृपया बसून वाच.)

आपल्या संघाविषयी प्रथम मला काय वाटत असे, ते तुला ठाऊक आहे. ज्या संघाला मैदान नाही, टोपी नाही, घामाचा वास नाही; ज्याचे सगळे खेळाडू दुसऱ्याच कोणाच्या संघात खेळतात आणि आपण घरी बसून केवळ त्यांच्या नावांवर हक्क सांगतो, त्यांच्या फटक्यांचे गुण मोजतो आणि त्यावरून ऑरिन कुबियाकच्या केशकर्तनालयात एकमेकांची उणीदुणी काढतो, त्या बेसबॉलच्या फॅन्टसी संघाला मी 'संघ' हे समूहवाचक नाम लावण्यासही तयार नव्हतो. तरीही तू मला भागीदार करून घेतलेस. आणि मी गेली दोन वर्षे समोरच्या खिडकीतून पाहत आलो की, तळाला गेलेल्या संघमालकाने हिवाळाभर अंगणात लावायची ती पाटी तू दोन्ही हिवाळे निमूटपणे लावलीस. 'या घरात मुर्ख रहातो.' (मू दीर्घ हवा. 'राहतो' हवे. मी रात्रीतून रंगाचा डबा घेऊन दुरुस्ती केल्याबद्दल ऑरिनने तुझी शिक्षा एक महिना वाढवली, त्याबद्दल माफी मागायची राहिली होती; ती येथे मागतो.) टपालवाला हसला, चर्चमधील मंडळी हसली, आणि तू मात्र बर्फ झटकून पाटी सरळ करीत राहिलास, कारण तळाच्या संघाला नव्या पोरांमधून पहिली निवड मिळते आणि यंदाच्या पोरांमध्ये कोल्ट हॅसब्रुक होता. दोन हिवाळे तू मूर्ख म्हणून राहिलास ते या एका नावासाठी. हे मला ठाऊक होते, वेंडेल. ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही.

शस्त्रक्रियेला आठवडा असताना तू मला फोन केलास आणि म्हणालास, "दादा, निवडीला तू बस. काही डोकं चालवू नकोस. डोळे मिटून हॅसब्रुक घे." आता तुझ्या बाजूने हे वाक्य निर्दोष आहे. परंतु ज्या माणसाने आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आणि एकही डोळे मिटून तपासली नाही, त्याला असे सांगणे बरे नव्हे. मी ठरवले की, भावाचा विश्वास आहे तर निवड अभ्यासूनच करावी. ग्रंथालयात गेलो. तेथील बाईंनी संगणकावर तज्ज्ञांची परीक्षणे काढून दिली. प्रत्येक पोराला फटक्याचे, ताकदीचे, धावण्याचे, फेकीचे असे स्वतंत्र गुण दिलेले. हे पाहून मला आनंद झाला. शेवटी हा खेळही गुणपत्रिकेपर्यंत आला म्हणायचा! मग हॅसब्रुकची गुणपत्रिका पाहिली. फटका साठ, ताकद सत्तर, धावणे पंचावन्न, फेक साठ. वेंडेल, माझ्या वर्गाची ख्याती तू ऐकून आहेस. माझ्याकडे साठ म्हणजे काठावर, आणि पंचावन्न म्हणजे उन्हाळ्याच्या सुटीत पुन्हा वर्गात. मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. ज्या पोरासाठी माझ्या भावाने दोन हिवाळे अंगणात अशुद्धलेखन सोसले, तो एका विषयात चक्क नापास! इतरांचे पाहिले तर तेही तसेच. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. सगळी तुकडीच नापास. अशा वेळी शिक्षकाने काय करावे? तोंडी परीक्षा घ्यावी.

म्हणून मी त्यांच्या मुलाखती ऐकल्या. हॅसब्रुकला मुलाखतकाराने विचारले की, तू एवढा लांब चेंडू कसा मारतोस? तो च्युइंगम चघळत म्हणाला, "काय न्हाय. बॉल दिसला का हानायचा. न्हाय दिसला तर न्हाय हानायचा." झाले. संपली मुलाखत. (आज वाटते की, या विषयावर याहून नेमके कोणी काही बोललेले नाही. त्या दिवशी वाटले नाही.) त्यानंतर थॅडिअस व्हिटलॉक नावाचा तरुण आला. केस विंचरलेले. तो म्हणाला, "मी जर चेंडूची आणखी क्षणभर वाट पाहिली असती, तर तो झेल ठरला नसता; आणि मी जर बेसवर वेळीच परतलो असतो, तर बाद झालो नसतो." वेंडेल, मी ग्रंथालयात खुर्चीवरून उठून उभा राहिलो. संकेतार्थ! दोन्ही वाक्यांत निर्दोष संकेतार्थ, आणि मधला अर्धविराम मला ऐकूसुद्धा आला! त्याच्या साऱ्या मुलाखती ऐकल्या. प्रत्येकीत 'जर' आणि 'तर' जोडीने नांदत होते. या तरुणावर संकेतार्थ वापरण्याचे इतके प्रसंग का येतात, हा प्रश्न मात्र मला सुचला नाही.

निवडीच्या दिवशी, म्हणजे तुझ्या शस्त्रक्रियेच्याच दिवशी, मी टाय बांधून गेलो. ऑरिनने खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. ड्वेन पेटिबोनची निवड दुसरी. तोच तो, हार्डवेअरच्या दुकानाचा, माझा जुना विद्यार्थी. ऑरिन म्हणाला, "पहिली पाळी स्टौफर बंधूंची. बोला सर, एकदाचं उरकून टाका." मी उभा राहिलो आणि स्वच्छ उच्चारात म्हणालो, "थॅडिअस व्हिटलॉक." साऱ्या खुर्च्या माझ्याकडे अशा वळल्या की, मला वाटले उच्चार चुकला. कोणीतरी म्हणाले, "सर, परत बोला हो, माझ्या कानात केस गेलेत." ऑरिन जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, वेंडेलला एक फोन लावू का?" मी म्हणालो की, वेंडेल गुंगीत आहे आणि निवड शुद्धीत झालेली आहे. तेवढ्यात ड्वेन खुर्ची पाडून उठला. "हॅसब्रुक! माझा हॅसब्रुक! लिही ऑरिन, लिही, सरांनी मत बदलायच्या आत लिही!" असे ओरडत तो माझ्याकडे आला आणि त्याने माझ्या कपाळाचा मुका घेतला. "सर, तुम्ही मला व्याकरणात नापास केलंत, बापाने मला धुतला, पण आज सगळं माफ!" मग हसणे ओसरल्यावर ऑरिनने मला खुर्चीत बसवले, सवयीने गळ्याभोवती कापड गुंडाळले आणि सांगितले की, हे गुण शंभरांपैकी नसतात. वीसपासून ऐंशीपर्यंतच असतात. पन्नास म्हणजे सर्वोच्च पातळीवर रोज खेळणारा माणूस. साठ म्हणजे नावाजलेला. आणि सत्तर गुणांची ताकद असलेले पोर क्वचितच हाती लागते. मी त्याला म्हणालो की, गुण कितीपैकी आहेत हे न लिहिणारा परीक्षक बेजबाबदार आहे. तो म्हणाला, "हो सर." आणि माझे केस कापले. पैसे घेतले नाहीत. वेंडेल, ऑरिनने आजवर कोणाचेही केस फुकट कापलेले नाहीत. त्यावरून माझ्या अवस्थेचा अंदाज घे.

येथवरचा अपराध अज्ञानाचा. पुढचा मात्र ज्ञानाचा आहे. तू शुद्धीवर आलास आणि पहिला प्रश्न विचारलास: "दादा, हॅसब्रुक घेतलास ना?" तुझा आवाज लहानपणी ताप उतरल्यावर येई तसा येत होता. आणि मी म्हणालो, "हॅसब्रुक दुसऱ्या कोणाच्याही आधी विचारात घेतला गेला, आणि पहिल्याच फेरीत घेतला गेला." एकही शब्द खोटा नाही. कर्मणी प्रयोग, कर्ता अध्याहृत. चाळीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की, ज्याला कर्ता लपवायचा असतो तो कर्मणी प्रयोगाचा आश्रय घेतो, सावध राहा. तू माझ्या वर्गात नव्हतास. तू रडलास. लोरेनने कळवले की, तू तिला सर्व परिचारिकांना पीच कॉब्लरचे गोडधोड वाटायला लावलेस आणि आधाराच्या चौपायी काठीला 'हॅसब्रुक' असे नाव ठेवलेस. तेव्हापासून दर रविवारी तू मला सांगतोस, "आज हॅसब्रुकला घेऊन फाटकापर्यंत गेलो, दादा. आज हॅसब्रुकला घेऊन कोपऱ्यावरच्या निवडुंगापर्यंत गेलो." आणि मी म्हणतो, "वा!" (केवलप्रयोगी अव्यय. त्याला कर्ता लागत नाही.)

दरम्यान खरा हॅसब्रुक पहिल्याच आठवड्यापासून चेंडू मैदानाबाहेर फटकावत सुटला असून ड्वेनने दुकानाच्या काचेत त्याचे चित्र लावले आहे. आणि व्हिटलॉकने खेळ सोडला. कायद्याच्या अभ्यासाला जातो आहे. त्याचे निवेदन मी वाचले. "मी जर अधिक गुणवान असतो, तर थांबलो असतो," असे त्यात आहे. एकही स्वल्पविराम चुकलेला नाही. आपला संघ तळाला आहे.

पुढच्या आठवड्यात लोरेन तुला फोन परत देणार, मग तू सगळे स्वतःच पाहशील. ते तुला यंत्राकडून कळू नये. म्हणून लिहितो: मी चुकलो. कर्तरी प्रयोग. कर्ता, मी. तुझा राग मला मान्य आहे. फक्त तो काढताना काठी सोडू नकोस, तोल जाईल.

तुझा थोरला भाऊ,
एल्डन स्टौफर

ता. क. : यंदाची पाटी माझ्या अंगणात लागावी, असे मी ऑरिनला सांगितले. तो म्हणाला की, संघ तुझ्या नावावर असल्यामुळे तुझी संमती लागेल. ती दे. तिसऱ्या हिवाळ्यात तू त्या पाटीवरचा बर्फ झटकताना खिडकीतून पाहणे माझ्याच्याने होणार नाही. रंगाचा डबा मी ऑरिनकडे जमा केला आहे.

ता. क. दुसरा : वरील सर्व मजकूर लिहून झाल्यावर ड्वेन पेटिबोन दारात आला. त्याने काठीची आणि कॉब्लरची हकीगत कोणाकडून तरी ऐकली होती. म्हणाला, "सर, वेंडेलकाकांसाठी हॅसब्रुक परत देतो. बदल्यात तुमच्याकडचा कोणताही म्हातारा खेळाडू द्या. अट एकच. मला व्याकरणात पास करा, आणि तसं सहीनिशी लिहून द्या, दुकानात लावतो." मी म्हणालो की, परीक्षेशिवाय उत्तीर्ण करता येत नाही. तो दुकानात गेला आणि निबंध लिहून घेऊन आला. विषय त्यानेच निवडला: 'माझे आवडते शीक्षक'. हो, शी दीर्घ.

ता. क. तिसरा (आणि हे पत्र आज टपालात पडण्याचे खरे कारण) : निबंध सोबत जोडला आहे. माझ्याविषयी आहे. मी पहिले पान वाचले. मजकूर असा आहे की, डोळे ओले झाले, आणि शुद्धलेखन असे आहे की, ते लगेच कोरडे झाले. हे मी प्रामाणिकपणे तपासले तर हॅसब्रुक ड्वेनकडेच राहील, आणि अप्रामाणिकपणे तपासणे मला या वयात शिकता येणार नाही. तेव्हा तूच तपास. तुला 'इ' आणि 'ई' यांत कधीच फरक दिसला नाही. ही तुझी उणीव मी पन्नास वर्षे सर्वांदेखत बोलून दाखवली, तिचा आज कुटुंबाला उपयोग आहे. उदार मनाने गुण दे आणि उलट टपाली कळव. मी न पाहता सही करीन.